दगड, प्लेटा आणि आपला मराठवाडा: सारखे सारखे विचारले जाणारे प्रश्न

हिंगोली-नांदेडकडं जमीन हलली की दोन दिवस सगळेच भूगर्भशास्त्रज्ञ होतात आणि तिसऱ्या दिवशी विसरून जातात. त्या दोन दिवसांत जे जे विचारलं जातं ते इथं एका जागी लिहून ठेवलंय. काही प्रश्न शाळेतल्या पोरांचे आहेत, काही बोर मारणाऱ्यांचे, काही किल्लारीचा भूकंप भोगलेल्या माणसांचे. क्रम वगैरे काही नाही, पाहिजे तिथून वाचा.

प्लेट प्लेट म्हणतात ती नेमकी काय असते?

आपण ज्याच्यावर उभे आहोत ते कवच आणि त्याला खालून चिकटलेला मँटलचा, म्हणजे कवचाखालच्या जाड दगडी थराचा, टणक भाग, दोन्ही मिळून साधारण १०० किलोमीटर जाडीचा थर होतो. हा थर अख्ख्या पृथ्वीभोवती सलग नाहीये, त्याचे तुकडे आहेत, मोठे सात-आठ आणि बारके बरेच, एकेक तुकडा म्हणजे एकेक प्लेट. भूगोलाच्या पुस्तकात भूपट्ट लिहिलेलं असतं ते हेच. आणि प्लेट म्हणजे खंड नाही हां, आपल्या प्लेटवर अर्धा अरबी समुद्र पण आहे आणि बंगालचा उपसागर पण. कवच एकटं धरलं तर जमिनीखाली सरासरी ३५-४० किलोमीटर, तिबेटखाली ७० च्या आसपास, आणि समुद्राखाली फक्त ६-७ किलोमीटर.

म्हणजे प्लेटा लाव्ह्यावर तरंगतात ना?

नाही. हे यूट्यूबवर इतक्या जणांनी सांगितलंय की आता खोडायला पण कंटाळा येतो. प्लेटांच्या खाली मँटल आहे, २९०० किलोमीटर खोलपर्यंत, आणि तो जवळजवळ सगळा घनच आहे, दगडच आहे. फक्त इतका तापलेला आणि इतक्या दाबाखाली आहे की लाखो वर्षांच्या हिशोबात तो हळूहळू वाहतो. रस्त्याच्या कामावर डांबराचा गोळा पडलेला बघितला असेल, हातोडा मारला तर टचकन तुटतो आणि तोच गोळा महिनाभर ठेवला तर बसत बसत पसरतो, तसं. लाव्हा फक्त काही ठिकाणी तयार होतो, जिथं दाब कमी होतो किंवा दगडात पाणी शिरतं किंवा खालून जास्तीची उष्णता येते तिथं. सगळीकडं खाली लाव्ह्याचा समुद्र आहे असं काही नाही.

मग एवढ्या मोठ्या प्लेटा हलवतं कोण?

मुख्य काम वजन करतं. समुद्रतळाची प्लेट जुनी झाली की थंड होते, जड होते, आणि दुसऱ्या प्लेटखाली वाकून मँटलमध्ये बुडायला लागते, बुडणारं टोक मागच्या अख्ख्या प्लेटला ओढत नेतं. दुसऱ्या बाजूला समुद्रातल्या डोंगररांगांवर नवीन बेसॉल्ट (लाव्हा थिजून होणारा काळा दगड) वर येऊन नवीन तळ तयार होत राहतो आणि तिथून थोडा ढकला बसतो. म्हणून समुद्रतळ कुठंच फार जुना सापडत नाही, जवळजवळ सगळा २० कोटी वर्षांच्या आतला, आणि जमिनीवर मात्र कॅनडात ४०० कोटी वर्षांचा दगड सापडतो.

खंड सरकतात हे जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनरनं १९१२ ला सांगितलं होतं, पण कशानं सरकतात ते त्याला दाखवता येईना म्हणून बहुतेकांनी ते मनावर घेतलं नाही, १९३० ला तो ग्रीनलंडच्या बर्फात मोहिमेवर असतानाच वारला आणि खरा पुरावा साठच्या दशकात समुद्रतळाच्या मोजणीतनं आला.

आपली प्लेट किती वेगानं चाललीय?

वर्षाला अंदाजे ५ सेंटिमीटर, उत्तर-ईशान्येकडं. किल्लारीचा भूकंप १९९३ चा, तेव्हापासून आजपर्यंत हिशोब करा, दीड मीटरच्या वर आपण सगळे सरकलोय. हा वेग कमी झालेला वेग आहे बरं का, आशियाला धडकायच्या आधी आपली प्लेट वर्षाला १५ सेंटिमीटरच्या वर पळत होती, प्लेटांच्या मानानं म्हणजे लईच. साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी धडक सुरू झाली आणि ती अजून चालूच आहे, हिमालय त्यातनंच उठलाय.

मग माझ्या रानाचा बांध सरकतो का? मोजणी चुकंल की!

हा प्रश्न चेष्टेत विचारतात पण प्रश्न भारी आहे. तुमचं रान, शेजाऱ्याचं रान, तहसील ऑफिस आणि मोजणीवाला, सगळे एकाच प्लेटवर आहेत, सगळे सोबतच सरकतात, त्यामुळं आपसातलं अंतर तेवढंच राहतं. बांध कोरला गेला असेल तर तो शेजाऱ्यानं कोरलाय, प्लेटनं नाही. सरकणं दिसतं ते बाहेरच्या हिशोबात, उपग्रहाच्या. हैदराबादला एनजीआरआय म्हणून भूभौतिकीची राष्ट्रीय संस्था आहे, तिथल्या कायमच्या जीपीएस स्टेशनवर हे कित्येक वर्षं मोजलं जातंय.

आपल्याकडं जिकडं खणावं तिकडं काळा पाषाण, एवढा आला कुठून?

हा बेसॉल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी आपली प्लेट हिंदी महासागरात लई दक्षिणेला होती, मँटलमधनं तापलेला दगड वर येत होता अशा एका जागेवरून ती चाललेली, आणि तेव्हा जमिनीला लांबच लांब भेगा पडून त्यातनं लाव्हा बाहेर आला. चित्रात दाखवतात तसा शंकूसारखा डोंगर आणि त्याच्या तोंडातनं धूर, असं नव्हतं, पातळ लाव्हा नुसता पसरत गेला, एकावर एक, एकावर एक. काही लोट तर आंध्रात राजमहेंद्रीपर्यंत पोचले, म्हणजे हजार किलोमीटरच्या आसपास. आज जेवढं शिल्लक आहे तेच ५ लाख चौरस किलोमीटर भरतं आणि त्यातलं बरंचसं काम दहा लाख वर्षांच्या आत उरकलं होतं असं आता वयमापनावरनं दिसतंय.

सह्याद्रीकडं हे थर जाड आहेत, दीड-दोन किलोमीटरपर्यंत, आणि आपल्याकडं पूर्वेला येता येता पातळ होत जातात. बालाघाटचे किंवा अजिंठ्याचे डोंगर लांबून बघा, माथा सपाट आणि उतार पायऱ्यापायऱ्यांचा. घट्ट थर टिकतो, त्याच्या वरखालचा भुसभुशीत थर झिजतो, म्हणून पायरी तयार होते. वेरूळचं कैलास लेणं राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात आठव्या शतकात याच दगडात वरून खाली कोरत आणलंय, आणि देवगिरीच्या किल्ल्याचा तो ताशीव कडा पण हाच दगड. आडवा थर जाड आणि एकसंध असला तरच असलं काही जमतं, त्या कारागिरांना दगडाची जाण आपल्या बोरवाल्यापेक्षा नक्की जास्त होती.

विहीर खोदताना मधीच तांबडा पट्टा लागतो, आणि दगडात पांढरे चकाकणारे खडे, ते काय?

तांबडा पट्टा म्हणजे दोन लाव्ह्यांच्या मधली सुट्टी. एक थर थिजला, मग बराच काळ काहीच आलं नाही, तेवढ्यात ऊन-पावसानं त्याचा माथा कुजून लाल झाला, आणि मग वरून पुढचा थर आला. म्हणजे विहिरीच्या भिंतीत तुम्ही त्या काळची जमीनच बघता, हे मला तरी वेरूळपेक्षा कमी नवलाचं वाटत नाही.

पांढरे खडे म्हणजे लाव्ह्यातल्या गॅसच्या बुडबुड्यांची भोकं नंतर पाण्यातल्या खनिजांनी भरली. गारगोटी असते, झिओलाइट असतात, कधी हिरवट, कधी गुलाबी. जळगाव-संभाजीनगर-नाशिक पट्ट्यातली झिओलाइटं जगभरच्या म्युझियममध्ये ठेवलेली आहेत. हिरे नाहीत ते, विकणारा भेटला तर हात जोडा.

परत लाव्हा येईल का? उनकेश्वरला तर गरम पाणी निघतं.

येणार नाही. ज्या तापलेल्या जागेवरून आपण आलो ती मागंच राहिली, आता तिच्यावर रीयुनियन बेट आहे आणि तिथला ज्वालामुखी अजूनही उसळतो. आपण सरकून इकडं आलो. किनवट तालुक्यातल्या उनकेश्वरचं पाणी गरम आहे ते खोल भेगांत जाऊन तापून वर येतं म्हणून, जितकं खोल जाल तितका दगड तापलेला असतो, त्याला ज्वालामुखी लागत नाही.

लोणार ज्वालामुखीचं तोंड आहे ना?

नाही, उल्का पडून झालेला खड्डा आहे. १.८ किलोमीटर रुंद, बेसॉल्टमध्येच.

दगडाचे तीन प्रकार पोरांना परीक्षेला असतात, घरात दाखवता येतील का?

येतात की. जातं किंवा पाटा-वरवंटा असेल तर तो बेसॉल्ट, अग्निजन्य. खालची शहाबादी फरशी चुनखडीची, म्हणजे समुद्राच्या तळाशी गाळ साचून साचून झालेली, कलबुर्गीकडून येते, वय ५० कोटी वर्षांच्या वर. देवघरातला संगमरवर म्हणजे अशीच चुनखडी जमिनीत खोल दाब आणि उष्णता खाऊन बदललेली, तो रूपांतरित. ओट्यावरचा ग्रॅनाइट परत अग्निजन्य, फक्त तो बाहेर न येता जमिनीच्या आतच सावकाश थंड झाला म्हणून त्याचे दाणे मोठे दिसतात, बेसॉल्ट बाहेर येऊन पटकन थिजला म्हणून त्याचे बारीक. आणि एवरेस्टच्या अगदी माथ्यावर पण चुनखडीच आहे, समुद्रात तयार झालेली, ती तिथवर कोणी उचलली ते वर सांगितलंच.

एवढा घट्ट काळा दगड खाली असताना किल्लारी कामून झालं? आपण तर प्लेटच्या कडेवर पण नाही.

हा खरा प्रश्न, आणि याचं उत्तर जरा बसून वाचा.

पहिली गोष्ट, काळा दगड वाटतो तेवढा जाड नाहीये. भूकंपानंतर किल्लारीला संशोधनासाठी खोल बोर मारली तर ३३८ मीटरला बेसॉल्ट संपला. फुटात म्हणाल तर अकराशे. आता लातुरात हजार फूट बोर मारलेली माणसं कमी आहेत का? त्याच्या खाली थोडा गाळाचा थर आणि मग सुरू होतो जुना, अडीचशे कोटी वर्षांच्या घरातला ग्रॅनाइटसारखा दगड, तोच खरा आपला पाया. आणि भूकंप झाला तो या पायात, काही किलोमीटर खोलीवर. वरचं बेसॉल्टचं पांघरूण ना भूकंप अडवतं ना आणतं.

दुसरी गोष्ट, कडेवर नसलो म्हणून दाब लागत नाही असं नाही. उत्तरेला प्लेट हिमालयाशी अडलीय आणि दक्षिणेकडून समुद्रातली डोंगररांग ढकलतीय, मधला सगळा दगड दोन्ही बाजूंनी दाबला जातोय, त्यात आपण आलो. या जुन्या दगडात जुन्या भेगा आहेत, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या, झाकलेल्या, वरून दिसत नाहीत. दाब हळूहळू साचतो आणि कधीतरी त्यातली एखादी भेग सटकते. हिमालयात असं वारंवार होतं, आपल्याकडं हजारो वर्षांतनं एकदा, आणि म्हणूनच आपण गाफील राहतो. किल्लारीत जमीन सरकली ती पण दाबल्यासारखीच, एक बाजू दुसरीवर चढली, आणि दाबाची दिशा प्लेटच्या चालण्याशी जुळते.

तिसरी गोष्ट जास्त टोचणारी. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ६.२ चा भूकंप झाला तेव्हा सरकारी नकाशात हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या झोन १ मध्ये होता. २००२ च्या नकाशात झोन १ ठेवलाच नाही आणि किल्लारीचा भाग झोन ३ मध्ये गेला.

६.२ म्हणजे जगाच्या हिशोबात मध्यमच, मग माणसं एवढी का गेली?

कारण घरं. सरकारी आकडा आठ हजारांच्या आसपास आहे, ५२ गावं नव्यानं वसवावी लागली. विसर्जन करून दमलेली माणसं घरात झोपलेली, आणि ती घरं माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छपराची. भिंती दोन-तीन फूट जाड, पण आतला आणि बाहेरचा दगड वेगवेगळा रचलेला, मधी मातीचा गिलावा आणि चिपा, दोन्हीला बांधणारा आरपार जोडदगड नाही. वर माळवदावर फूट-दोन फूट पांढरी माती, दर पावसाळ्याआधी त्यात अजून भर. उन्हाळ्यात हे घर गार राहतं, त्यात वाद नाही, पण हलल्यावर भिंतीचे दोन्ही पापुद्रे सुटतात आणि वरची सगळी माती अंगावर येते. बऱ्याच ठिकाणी लाकडी खांब आणि तुळया उभ्याच राहिल्या, भिंती तेवढ्या बसल्या. आणि कुडाच्या झोपडीत झोपलेला गरीब माणूस वाचला, वाड्यातला गेला.

जुन्या घरात राहत असाल तर भूकंप कधी येतो ते विचारत बसण्यापेक्षा माळवदावरची माती कमी करा, दाराखिडक्यांच्या वरून चारी भिंतींना सलग सिमेंट-लोखंडाचा पट्टा द्या, आणि भिंत नव्यानं बांधत असाल तर जोडदगड घालायला गवंड्याला सांगा, तो नाही म्हणाला तर दुसरा गवंडी बघा.

किल्लारीचा भूकंप धरणामुळं झाला म्हणतात, खरं का?

कोयनेच्या बाबतीत धरणाचा संबंध जगभर मानला जातो, धरण भरायला लागल्यावर धक्के सुरू झाले आणि ११ डिसेंबर १९६७ ला ६.३ चा मोठा भूकंप झाला. तिथं पण ताण आधीचाच होता, पाण्यानं तो मोकळा व्हायला निमित्त दिलं. किल्लारीजवळ माकणीचं निम्न तेरणा धरण आहे म्हणून हाच संशय तिथं पण घेतला गेला आणि त्यावर शास्त्रज्ञांत वाद झाला, पण बहुतेक अभ्यासक किल्लारीला प्लेटच्या दाबाचाच भूकंप धरतात.

बोर मारून मारून जमीन पोकळ झालीय आणि म्हणून हलतीय, हे बरोबर आहे का?

बोर ६-७ इंची भोक असतं आणि आपली खोल बोर म्हणजे ३०० मीटर. कवच ३५-४० किलोमीटर. माणसानं आजवर मारलेलं सगळ्यात खोल भोक रशियात कोला इथं १२ किलोमीटरच्या थोडं वर, ते पण कवचाच्या आतच राहिलं. तेव्हा पोकळ वगैरे विसरा. पाणी उपशाचं दुखणं वेगळं आहे आणि ते खरं आहे, घट्ट बेसॉल्टमध्ये पाणी मुरायला जागाच नसते, ते राहतं वरच्या मुरमात, भोकाभोकाच्या थरात आणि भेगांत, खाली खाली जाऊन फुफाटाच निघतो. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते याच दगडावर बसून.

हिंगोलीकडं जमिनीतनं गूढ आवाज येतात ते कशाचे?

वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे भागात हे बरीच वर्षं चाललंय. छोटा भूकंप अगदी उथळ असला की त्याच्या पहिल्या लाटा जमिनीतनं हवेत शिरतात आणि आवाज ऐकू येतो, कधी कधी हादरा जाणवत पण नाही नुसता धडाम ऐकू येतो. पेपरवाल्यांना गूढ हा शब्द आवडतो, बाकी त्यात गूढ काही नाही. उथळ धक्क्यांच्या अशा मालिका पावसाळ्यानंतर होतात तेव्हा भेगांत मुरलेल्या पाण्याचा दाब हे कारण धरलं जातं. २०२४ मध्ये मात्र २१ मार्चला आणि परत १० जुलैला हिंगोली जिल्ह्यात ४.५ चे धक्के बसले, ते नांदेड-परभणीपर्यंत जाणवले.

बारके धक्के बसले की मोठा टळतो ना?

नाही टळत. आकडा एकनं वाढला की ऊर्जा ३२ पट वाढते. म्हणजे एका ६.२ एवढी ऊर्जा जायला ४.५ चे साडेतीनशे भूकंप लागतील. किल्लारीलाच १९९२ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये धक्के बसत होते, लोक घाबरून बाहेर झोपत होते, मग थांबले, सवय झाली आणि वर्षभरानं मोठा आला. पण उलटं पण धरू नका, धक्के बसले म्हणजे मोठा येणारच असंही नाही, नांदेडला २००७ च्या आसपास शहरात असेच धक्के जाणवत होते आणि तिथं पुढं मोठा काही झाला नाही.

व्हॉट्सॲपवर आलंय आज रात्री येणार म्हणून.

वेळ-तारीख सांगून भूकंप कोणालाच सांगता येत नाही, जपानला नाही, अमेरिकेला नाही. डिलीट करा आणि पाठवणाऱ्याला फोन करून सांगा.

मे महिन्यात रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडल्यात, भूकंपाच्या का?

काळ्या मातीच्या. बेसॉल्ट कुजून जी चिकण माती होते ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. पाऊस पडला की बुजतील. घराच्या भिंतीला तिरक्या चिरा पडल्या असतील आणि पाया काळ्या मातीतच असेल तर बहुतेक हीच भानगड, पाया मुरमापर्यंत न्यायला पाहिजे होता.

हिंगोलीत धक्के बसतात आणि तिथंच औंढ्याला लायगो बांधतायत, हे कसं?

एप्रिल २०२३ ला केंद्रानं मंजूर केलेला प्रकल्प, चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, अवकाशातनं येणाऱ्या गुरुत्वीय लहरी मोजायला. त्यांना पाहिजे असते रोजची शांतता, म्हणजे समुद्राची, गाड्यांची, कारखान्यांची थरथर कमी असलेली जागा. महिन्यातनं कधीतरी बसणारा छोटा धक्का आला तर तेवढा वेळ मोजणी बिघडते, मग परत लागते, त्या नळ्यांतले मोजणीचे आरसे पण थरथर गाळणाऱ्या टांगत्या व्यवस्थेवर असतात. पण ४.५ सारखे धक्के वाढले तर त्यांना लक्ष द्यावं लागणार, आणि एक फायदा आपला पण आहे, एवढं मोठं काम आलं की आसपास भूकंपमापक यंत्रं वाढतात.

बेसॉल्टखालचा तो जुना पाया डोळ्यानं कुठं बघायला मिळंल?

नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेला, देगलूर-बिलोलीकडं. तिथं बेसॉल्ट संपतो आणि ग्रॅनाइट उघडा पडलेला आहे, गुलाबी-करडे मोठे मोठे गोल धोंडे रानात पडलेले दिसतात, पायऱ्यांचे डोंगर नाहीत. नांदेडहून देगलूरच्या रस्त्यानं जाताना खिडकीतनं बघत बसा, मातीचा रंग बदलायला लागला की समजा आलं. सकाळच्या उन्हात दाणे चांगले चमकतात, आणि हातोडा नेणार असाल तर ज्याचं रान आहे त्याला आधी विचारा.